जुनी क्लासिक गाडी घेतलीय? चालवण्याआधी मोबाईल हातात घेऊन अशी तपासा

इन्स्टावर रील बघितली, ओएलएक्सवर गाडी सापडली, व्यवहार झाला आणि आता दारात प्रीमियर पद्मिनी उभी आहे. अभिनंदन! पण पहिल्याच रविवारी मित्रांना बसवून कराड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट गाठायचा विचार असेल, तर जरा थांबा. ४०-४५ वर्षांच्या गाडीत नेमकं काय चांगलं आहे आणि काय संपलंय हे कळल्याशिवाय तिला घाटात नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

कराडजवळच्या मलकापुरात किंवा सातारा-सांगली पट्ट्यात कुठेही गाडी घेतली असेल, तर पहिल्या आठवड्यात काय तपासायचं, त्यात मोबाईलचा खरा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, ते या लेखात क्रमाने पाहू. उदाहरण पद्मिनीचं घेतलंय, पण काँटेसा, अँबेसेडर किंवा जुन्या मारुती ८०० साठीही बहुतेक मुद्दे तेच आहेत.

आधी गाडी ओळखा: पद्मिनी म्हणजे नेमकं काय?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे वालचंद. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या बनायच्या. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि पुढे १९७० च्या दशकात तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी:

- इंजिन: १०८९ सीसी, ४ सिलिंडर, पेट्रोल, कार्बोरेटरवर चालणारं
- गिअर: ४ पुढचे, स्टीअरिंगच्या दांड्याला
- चालणारी चाकं: मागची
- मागचं सस्पेन्शन: पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग
- ब्रेक: चारही चाकांना ड्रम
- बांधणी: वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो

शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. जीपसारखी खाली वेगळी चेसिस असलेल्या गाडीत फ्लोअर गंजला तर नवा पत्रा मारता येतो. पद्मिनीत फ्लोअर आणि दाराखालची पट्टी गंजली, तर गाडीचा कणाच कमजोर झाला असं समजा.

आणि स्पोर्टी? कागदावर ही फॅमिली कार आहे. पण चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ट्यून केलेल्या फियाट शर्यतीत पळायच्या. त्यामुळे 'रेसिंग सेटअप' म्हणून विकलेल्या पद्मिनीही सापडतात. अशा गाडीत इंजिन किती ताणलं गेलंय हे जास्त बारकाईने पाहावं लागतं.

पायरी १: कागद (वेळ: अर्धा तास, ठिकाण: घर)

गाडी कितीही देखणी असली तरी कागद नसतील तर ती तुमची नाही. म्हणून सुरुवात इथून.

१. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसेल, पण नोंदणीची तारीख, पासिंग कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो.

२. दिसलेली माहिती आरसीशी ताडून पाहा. मग बॉनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचे जवळून फोटो काढा. फ्लॅश सरळ मारू नका, टॉर्च बाजूने तिरका धरा म्हणजे ठोकलेली अक्षरं उठून दिसतात. अक्षरं वाकडी असतील, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील किंवा त्या भागाचा पत्रा नव्याने जोडलेला दिसला, तर पुढे काहीही खर्च करण्याआधी आरटीओत चौकशी करा.

३. १९८९ च्या आधीची गाडी असेल तर नंबर 'एमएच' मालिकेतला नसून जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असू शकतो. असे बरेच नंबर ऑनलाइन सापडत नाहीत. म्हणजे गाडी चोरीची आहे असं नाही. मूळ नोंद ज्या आरटीओत आहे तिथे जुन्या रजिस्टरवरून संगणकात नोंद (बॅकलॉग एन्ट्री) करून घ्यावी लागते. हे काम विक्रेता सोबत असतानाच करा.

४. नावावर करणं: फॉर्म २९ आणि ३०. त्याच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एमएच ५० म्हणजे कराड, एमएच ११ सातारा, एमएच १० सांगली, एमएच ०९ कोल्हापूर. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८ लागतो. जुना बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र.

५. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडी दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, सोबत पर्यावरण कर असतो. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते ती याचसाठी. शुल्क बदलत राहतं, म्हणून व्यवहाराआधी पोर्टलवर आजचा आकडा पाहा आणि तो गाडीच्या किमतीत धरा.

सावधान: व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलान भरा' म्हणून येणारी एमपरिवहन नावाची एपीके फाईल कधीच इन्स्टॉल करू नका. ती तुमचे ओटीपी वाचून खातं रिकामं करू शकते. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या.

पायरी २: गंज आणि पुट्टी (वेळ: १ तास, इंजिन बंद)

नवा चकचकीत रंग हा जुन्या गाडीत गुण नसतो, तो प्रश्न असतो. खाली काय झाकलंय?

- चुंबक चाचणी: फ्रिजवरचा साधा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराचा खालचा भाग, चाकांवरचे कमानदार भाग आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे चिकटत नाही किंवा सैल पडतो तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे. मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो आणि त्यावर चालणारी 'मेटल डिटेक्टर' ॲप्स मिळतात. पण पत्र्यावर एक मिलिमीटर पुट्टी आहे की पाच, हे ती भरवशाने सांगू शकत नाहीत. इथे पाच रुपयांचा चुंबकच बरा. फक्त तो मोबाईलच्या कॅमेऱ्यापासून लांब ठेवा.

- टोचून पाहणे: फ्लोअरमॅट काढा. फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबा. पत्रा ठणठणीत वाजला तर ठीक. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागेल.

- गाडीखालचा व्हिडिओ: मोबाईल सेल्फी स्टिकला लावा, टॉर्च चालू करा आणि चारही बाजूंनी सावकाश व्हिडिओ घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड किंवा गॅरेजचा रॅम्प असेल तरच.

- सरळपणा: सपाट जागेवर टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा. पुढच्या दोन्ही बाजू आणि मागच्या दोन्ही बाजू आपापसात साधारण सारख्या हव्यात. मोठा फरक म्हणजे पाटा बसलाय किंवा कधीतरी जोराची धडक बसलीय.

फायबर बॉडीच्या गाड्यांना, उदाहरणार्थ रेनॉचं इंजिन असलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म, चुंबक चिकटणारच नाही. तिथे रंगातल्या केसासारख्या भेगा आणि आतला लोखंडी सांगाडा पाहायचा.

पायरी ३: पुरात बुडाली होती का?

हा मुद्दा आपल्या भागात वगळून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-कोयनेच्या काठच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन, रंगवून त्या विकायला येतात. पाण्याचं काम मात्र आतून चालूच राहतं: वायरिंग सडते, दारांच्या पोकळीत गाळ साचून गंज धरतो, बेअरिंग जातात.

तपासा:

- कार्पेटखाली आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये बारीक, वाळलेला गाळ
- डॅशबोर्डच्या मागचे आणि सीटखालचे स्क्रू गंजलेले, पण बाहेरचे नवे
- हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ
- दाराचं आतलं कव्हर काढल्यावर एका ठरावीक उंचीवर मातीची आडवी रेषा
- काचा बंद करून दोन तास उन्हात ठेवल्यावर कुबट वास

दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर संपूर्ण वायरिंग नवं करायचा खर्च धरूनच पुढे जा.

पायरी ४: इंजिन (वेळ: २ तास)

एक गैरसमज आधी दूर करू. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर इथे चालत नाही. भारतात ओबीडीची सक्ती २०१० पासून, बीएस-४ च्या काळात सुरू झाली. पद्मिनीत ईसीयूच नाही, मग स्कॅनर बोलणार कुणाशी? इथे कान, नाक आणि साधी हत्यारं लागतात.

सुरू करण्याआधी: डिपस्टिक काढून ऑइल पाहा. काळं असलं तरी चालेल, पण दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. इंजिन गार असतानाच रेडिएटरची टोपी उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

कोल्ड स्टार्ट व्हिडिओ: एक मित्र सायलेन्सरजवळ मोबाईल धरून उभा करा आणि गार इंजिन सुरू करा. मोकळ्या जागेतच करा, बंद शेडमध्ये नाही. धुराचा रंग असा वाचा:

- पांढरा, मिनिटभरात जाणारा: वाफ. काळजी नाही.
- पांढरा, गरम झाल्यावरही दाट: सिलिंडरमध्ये पाणी जातंय. हेड गॅस्केट.
- निळसर: गाडी ऑइल पितेय. सुरू करताना क्षणभरच असेल तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड, रेस दिल्यावर सतत असेल तर पिस्टन रिंग.
- काळा: पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर किंवा चोक. हा सगळ्यात स्वस्तातला दोष.

विक्रेत्याने गाडी 'आधीच गरम करून' ठेवली असेल तर हे काही दिसत नाही. म्हणून बॉनेटला हात लावून पाहायची सवय ठेवा.

कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिनची खरी तब्येत इथे कळते. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवा. मोठ्या आकड्यापेक्षा चारही आकडे जवळजवळ सारखे असणं महत्त्वाचं. साधारण १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर चांगलं. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट.

एंडोस्कोप कॅमेरा: मोबाईलच्या टाइप-सी पोर्टला लागणारा बारीक वायरचा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्लगच्या छिद्रातून आत सोडला की पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत दिसते. भिंतीवर उभे खोल ओरखडे दिसले तर बोअरिंगचं काम आहे. गरम इंजिनमध्ये घालू नका, वितळतो.

चार्जिंग: साधा मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. जुन्या पद्मिनीत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असेल तर आयडलिंगला चार्जिंग कमी दिसणं नॉर्मल आहे, थोडी रेस देऊन मोजा.

पायरी ५: पेट्रोलची लाइन आणि ई-२०

आपल्या पट्ट्यात ऊस आहे, कारखाने आहेत, इथेनॉल आपल्याला नवं नाही. पण पद्मिनी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याचे जुन्या गाडीवर तीन परिणाम होतात:

१. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीलं फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. गरम इंजिनवर पेट्रोल टपकलं की आग. या यादीतला सगळ्यात धोकादायक मुद्दा हाच.

२. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते.

३. मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गाडी मिसिंग करते, तापते. कार्बोरेटरचं सेटिंग पुन्हा करावं लागतं.

काय करायचं: टाकीतलं जुनं पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी साफ करा. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे, नवे टाका, क्लिपा बदला. हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर काढून, मोबाईल लांब ठेवून. गाडीत फायर एक्स्टिंग्विशर कायम ठेवा.

आणखी एक: भारतात शिसं असलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट शिशाच्या भरवशावर होत्या. हेड उघडाल तेव्हा कडक सीट बसवून घेता येतात. त्यासाठी मुद्दाम हेड उघडायची गरज नाही.

पायरी ६: ब्रेक, स्टीअरिंग, टायर

खरं तर हे सगळ्यात आधी दुरुस्त करायचं. न चालणारी गाडी फक्त खर्च करायला लावते, न थांबणारी गाडी जीव घेते.

- पेडल: इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबा आणि ३० सेकंद धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. दोन-तीनदा पंप केल्यावरच कडक होत असेल तर लायनर सैल किंवा लाइनमध्ये हवा.
- चारही ड्रम उघडा: व्हील सिलिंडरभोवती ओल, लायनरवर ऑइल, ड्रमला भेगा. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते ओलावा धरतं आणि उतारावर गरम झालं की उकळतं. मग पेडल थेट तळाला. कुंभार्ली किंवा खंबाटकीत हे होऊ द्यायचं नाही.
- चाक हलवून पाहणे: चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ आला तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा. खेळ आला तर टाय रॉड.
- टायर: बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी भेगा पडलेला दहा वर्षांचा टायर हायवेवर फुटतो. कोड फक्त तीन आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे, सरळ काढून टाका.

पायरी ७: पहिली चक्कर (ब्रेक ठीक झाल्यावरच)

सकाळी लवकर, गावातल्या रिकाम्या रस्त्यावर, हायवेवर नाही.

- मोबाईलमधलं जीपीएस स्पीडोमीटर ॲप शेजारच्याकडे द्या. गाडीचा काटा आणि जीपीएसचा आकडा ३०, ४०, ५० ला ताडून पाहा.
- मॅप्सवर १० किलोमीटर मोजून ओडोमीटर किती पुढे गेला ते पाहा. जुना मीटर पाच आकडीच असतो, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणून 'फक्त ४२ हजार चाललीय' याचा अर्थ १,४२,००० सुद्धा असू शकतो. पेडलची रबरं आणि स्टीअरिंगची झीज खरं सांगतात.
- व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवा. कोणत्या गिअरला, किती स्पीडला आवाज येतो ते बोलून ठेवा. मिस्त्रीला नुसतं 'आवाज येतोय' सांगण्यापेक्षा हे रेकॉर्डिंग ऐकवा, निम्मा वेळ वाचतो.
- परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचे ते पाहा.

निकाल कसा लावायचा?

सगळं एकाच नोटमध्ये लिहा आणि तीन रंगात वाटा.

🔴 लाल, दुरुस्तीशिवाय गाडी हलवायची नाही: ब्रेक, पेट्रोल गळती, स्टीअरिंगचा खेळ, जुने टायर, फ्लोअर किंवा पाट्याच्या जागेचा गंज, कागदातली विसंगती.

🟡 पिवळा, तीन महिन्यांत: कूलिंग, वायरिंग, कॉम्प्रेशनमधला फरक, क्लच, सस्पेन्शनचे बुश.

🟢 हिरवा, पैसे उरले की: रंग, क्रोम, सीट, म्युझिक सिस्टिम.

बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात. आधी रंग आणि अलॉय, मग पैसे संपतात आणि ब्रेक तसेच राहतात. कृपया हे करू नका.

नेहमीचे प्रश्न

माझी पद्मिनी 'व्हिंटेज' आहे का?
जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मोठे फेरबदल न केलेली खासगी गाडी व्हिंटेज धरली जाते. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

१५ वर्षांनंतर महाराष्ट्रात गाडी भंगारातच जाते का?
नाही. पासिंग, पीयूसी आणि कर नीट असेल तर चालवता येते. दिल्लीचा नंबर असलेली स्वस्त गाडी घेताना मात्र एनओसी खरी आहे का ते संबंधित आरटीओकडून आधी तपासा.

स्पेअर मिळतात का?
पद्मिनीचे बरेचसे मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या स्पेअरसाठी प्रसिद्ध आहे. बोअरिंग, ग्राइंडिंग, लेथची कामं सांगली-कोल्हापूर पट्ट्यातच होतात. जुना पार्ट फेकू नका, नमुना म्हणून लागतो.

मिस्त्री कसा शोधू?
ज्याने कार्बोरेटर आणि प्लॅटिनम पॉइंटवर काम केलंय असा, बहुतेक पन्नाशीच्या पुढचा. त्याला काका म्हणा, शेजारी उभे राहा आणि विचारून व्हिडिओ काढा. पुढच्या वेळी पॉइंटचा गॅप तुम्ही स्वतः लावाल.

ही यादी सेव्ह करून ठेवा. आणि ग्रुपमध्ये कुणी जुनी गाडी बघतोय म्हणाला, तर टोकन द्यायच्या आधीच त्याला पाठवा.